बी.एस्सी. केमिस्ट्री, मध्ये बरीच वर्षं गॅप. बेळगावात लॅबचं काम मिळेल का?

वडगावची_सून

नमस्कार. इथलं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. प्रश्न नोकरीचा आहे, पण घरचं सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून थोडं लांबेल.

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. गडहिंग्लजला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, शिवाजी विद्यापीठाची डिग्री. निकाल लागला त्याच पावसाळ्यात गावाजवळच्या एका दूध शीतकरण केंद्राच्या लॅबमध्ये लागले आणि लग्न होईपर्यंत तिथंच होते. सासर बेळगावात, वडगावला. घरात पॉवरलूम आहेत, साड्यांचे. आमचे हे आणि दीर माग बघतात, आत्या, म्हणजे सासूबाई, कांड्या भरतात. सासरे नाहीत. थोरली मराठी शाळेत तिसरीला आहे, धाकटा यंदा बालवाडीत जायला लागला.

धाकटा चालायला लागल्यापासून मी शहापूर खडेबाजारात एका साडीच्या दुकानात बिलिंगला जाते. सकाळी 10 ते रात्री 8, पगार 11 हजार. पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, दुकानात माणसंच मोजकी. मालक चांगले आहेत. मुलाला ताप आला तर घरी जा म्हणतात, पगार कापत नाहीत. लग्नसराईत गोव्याकडची, कोकणातली माणसं गाड्या करून येतात तेव्हा जेवायला फुरसत नसते, एरवी दुपारी निवांत असतं. घरापासून चालत जाता येतं. तक्रार करावी असं त्यात काही नाही, आणि घरचेही तेच म्हणतात.

पण मला लॅब हवी आहे. नुसतं 'आवड आहे' म्हटलं की लोकांना ते हौसेचं वाटतं, म्हणून नेमकं काय हवंय ते सांगते.

केंद्रावर सकाळचे टेम्पो यायला लागले की कॅनचे नमुने काढून आमचं काम सुरू व्हायचं. फॅट दाखवणारं मशीन होतं, पण मशीनच्या आकड्यावर वाद झाला की गर्बर लावायचा. ब्युटिरोमीटरमध्ये आधी 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर काचेच्या कडेनं अलगद 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाईल अल्कोहोल. दूध जोरात पडलं तर ॲसिडवर करपतं आणि रीडिंगमध्ये काळे कण येतात. बूच लावून हलवलं की काच इतकी तापते की फडक्यात धरावी लागते. मग सेंट्रिफ्यूज, मग 65 अंशाच्या पाण्यात उभं करायचं, आणि वर जो पिवळा खांब चढतो त्याची खालची कड शून्यावर किंवा मोठ्या रेघेवर आणून वरची वाचायची. त्या आकड्यावर समोरच्या संस्थेचा दर ठरायचा.

एकदा एका संस्थेचे कॅन आले. वास चांगला, फॅट चांगलं, उकळूनही फाटलं नाही. उन्हाळा होता, आणि त्या रूटचं दूध एरवी थोडं आंबटाकडं झुकलेलं असायचं, म्हणून मी रोझोलिक ॲसिडची टेस्ट लावली. साधं दूध तपकिरी-नारिंगी राहतं. हे गुलाबी-लाल झालं, म्हणजे आंबटपणा मारायला सोडा घातलेला. संस्थेचा माणूस माझ्यावर आवाज चढवून बोलायला लागला. आमच्या साहेबांनी मला एवढंच विचारलं, "खात्री आहे?" मी त्यांच्यासमोर दुसरा नमुना लावला, शेजारी चांगल्या दुधाचाही लावला. टेम्पो परत गेला. त्या दुधावर कुठल्या तरी पोराचा चहा होणार होता, तो झाला नाही.

मला ते हवंय. मी हातानं काढलेल्या आकड्यावर काहीतरी ठरावं. बिलाचे आकडे मी चोख करते, पण ते मी केले काय नि दुसऱ्या कुणी केले काय, साडी तीच आणि दर तोच.

आता अडचणी. कन्नड मला ऐकून थोडं कळतं, बोलताना अडखळते, वाचता येत नाही. गॅप मोठी आहे. घरात आत्यांचे गुडघे दुखतात, धाकटा दुपारी साडेबाराला सुटतो तेव्हा त्या त्याला आणतात. नळाला पाणी येतं त्या दिवशी सगळं भरून ठेवण्यात सकाळ जाते, तो दिवस कुठला हेही आधी नक्की नसतं. ह्यांची हरकत नाही, पण ते म्हणतात, "पगार तेवढाच मिळणार असेल तर लांब जाऊन धडपड कशाला?" त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. माग चालतात तेव्हा चालतात, सुताचा दर वाढला की गिऱ्हाईक थांबतं, अशा वेळी माझे 11 हजार घरात नक्की येणारे असतात.

तर विचारायचं हे की दूध सोडून दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये माझ्यासारखीला घेतात का? बेळगावात किंवा जवळपास? आणि पगार फारसा वाढत नसताना, फक्त काम मनासारखं आहे म्हणून घरची घडी हलवावी का? ज्यांनी असं केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

उद्यमबाग_सँडलॅब

ताई, तुमचं वाचून लगेच लिहालोय. मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या लॅबला आहे, वीस वर्षं होत आली. बाहेरच्याला वाटतं फौंड्री म्हणजे भट्टी आणि घाम. पण लॅब नसली तर सगळी कास्टिंगं, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, भंगारात जातील.

आमच्याकडं दोन भाग. एक मेटलचा. भट्टीतनं वितळलेलं लोखंड चमच्यानं काढायचं, तांब्याच्या साच्यात ओतून नाण्याएवढी चकती करायची, घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवायची. आर्गॉनमध्ये ठिणगी पडते आणि मिनिटाच्या आत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस सगळं स्क्रीनवर. भट्टीवाला तिकडं थांबलेला असतो. कार्बन कमी आला तर मी सांगतो किती घालायचा, त्याशिवाय तो भट्टी ओतत नाही. एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून चिवट केलेलं लोखंड) असलं तर आणखी घाई, कारण मॅग्नेशियम टाकल्यावर दहा मिनिटांच्या आसपास ओतून मोकळं व्हावं लागतं, नाहीतर त्याचा असर उतरतो.

दुसरा भाग वाळूचा, आणि तिथं तुमची आठवण झाली. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाईट नावाची चिकणमाती असते, त्यावरच साचा उभा राहतो. वाळू पुन्हा पुन्हा वापरली की उष्णतेनं ते बेंटोनाईट मरत जातं. जिवंत किती उरलंय ते कसं बघतात सांगू? मेथिलीन ब्लूनं. दूध किती ताजं ते बघायला एमबीआरटी टेस्टमध्ये तुम्ही घालत असाल तेच. तिथं जंतूंमुळं रंग उडायचा, इथं माती रंग धरून ठेवते. 5 ग्रॅम वाळू उकळून घ्यायची, ब्युरेटमधनं निळं सोडत जायचं आणि मधेमधे काडीनं थेंब फिल्टर पेपरवर टेकवायचा. निळ्या ठिपक्याभोवती हिरवट-निळं कडं उमटलं की थांबायचं. हे कडं ओळखायला नजर लागते. नवीन पोरं घाई करतात आणि दोन मिली पुढं जातात. तुम्ही गर्बरची कड वाचलेली आहे, तुम्हाला हे जमणार.

बाकी रोजचं म्हणजे ओल बघणं (3 ते 4 टक्क्यांत ठेवावी लागते), रॅमरचे तीन ठोके देऊन 50 मिलिमीटरचा नमुना करणं, त्याची ताकद आणि त्यातनं हवा किती जाते ते मोजणं. ओल वाढली की कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं, येतात, कमी झाली की साच्याच्या कडा ढासळतात. सकाळी दोन-तीनदा मी सँड प्लांटला फोन करून पाणी कमी-जास्त करायला लावतो.

आता खरं सांगायचं तर पगार सुरुवातीला तुम्हाला 14-15 हजारांच्या पुढं सहसा कुणी देणार नाही. पण आमच्यासारख्या कारखान्यात पीएफ, ईएसआय दोन्ही असतात. हे हिशेबात धरा. पगार 21 हजारांपर्यंत असला की ईएसआय लागू, तुमचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे 14 हजारांवर महिन्याला 105 रुपये. त्यात तुम्ही, नवरा आणि मुलं यांचा दवाखाना येतो. तुमच्या मिस्टरांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, 'पगार तेवढाच' राहत नाही.

गॅपबद्दल: बायोडाटात 'दूध केंद्रात काम केलं' असं एका ओळीत संपवू नका. कुठल्या टेस्ट स्वतःच्या हातानं केल्या ते लिहा. गर्बर, लॅक्टोमीटर, सीओबी (उकळून फाटतं का ते), एमबीआरटी, रोझोलिक, ॲसिडिटीची टायट्रेशन. आमचे क्वालिटी मॅनेजर तेवढंच बघतात.

आणि इंटरव्ह्यूला गेलात तर तुम्हीही दोन गोष्टी विचारा. रिपोर्टवर सही कुणाची असते? आणि लॅबनं 'थांबा' म्हटलं तर प्रॉडक्शन थांबतं का? काही ठिकाणी आकडा आधी ठरलेला असतो, लॅबला फक्त तो लिहायला ठेवतात. तुम्हाला जे हवंय म्हणता ते अशा जागी मिळणार नाही, पगार कितीही असू दे.

उसाच्या_पट्ट्यातली

मी संकेश्वर भागातली. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, म्हणून माझंही सांगते. वरच्या दादांनी रिपोर्टच्या सहीचं लिहिलंय ते अगदी बरोबर.

आमच्याकडं दर तासाला नमुने येतात. रस, सिरप, मळी, बगॅस (उसाचा चोथा). ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती टक्के, ते काढायचं, मग लेड सबॲसिटेटनं रस नितळ करून पोलारिमीटरच्या नळीत भरायचा आणि पोल, म्हणजे त्यातली साखर, वाचायचा. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर म्हणजे प्युरिटी. मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते बगॅसचं. चोथ्यात साखर राहिली तर ती सरळ बॉयलरमध्ये जळून जाते. बगॅसचा पोल 2 च्या वर सरकायला लागला की मी मिल हाऊसला कळवते, ते रोलरचं सेटिंग नाहीतर पाणी बघतात, आणि पुढच्या एक-दोन तासांत आकडा खाली येताना दिसतो. शेतकऱ्यानं वर्षभर राखलेला ऊस असतो तो. माझे वडील ऊसच लावतात, त्यामुळे मला त्यात जीव लागतो.

पण ताई, तुम्हाला वडगावातून हे काम मी सुचवणार नाही. बहुतेक कारखाने तुमच्यापासून लांब, हुक्केरी, चिकोडी, गोकाक, अथणी, रायबाग अशा तालुक्यांत. लॅबच्या पाळ्या पहाटे 4 ते 12, दुपारी 12 ते 8, रात्री 8 ते 4. बायकांना आमच्याकडं जनरल देतात, पण एखादी मुलगी रजेवर गेली की ओढाताण होतेच. आणि हंगामी नेमणूक असली तर दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो आणि मार्च-एप्रिलला गाळप संपतं, मग उरलेले महिने हातात फारसं काही नाही. माझं घर कारखान्याच्या कॉलनीत आहे म्हणून मला जमतं. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन मुलाला भात कालवून देऊन येते.

दुधातच परत जायचं असेल तर बेळगाव आहेच, पण सहकारी दूध संघात भरती परीक्षेनं होते आणि तिथं कन्नड लागतंच. खासगी डेअऱ्या, आईस्क्रीमवाले, बेकऱ्या, मसाल्याचे कारखाने यांच्याकडं चौकशी करा. माल बाहेर पाठवणाऱ्यांना तपासणी करावी लागते. पाणी तपासणाऱ्या लॅबही आहेत. शिनोळीकडं बघितलंत का? वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडलं की लगेच महाराष्ट्र, तिथं औद्योगिक वसाहत आहे, भाषेचा प्रश्न नाही, आणि तुमच्या माहेरच्याच वाटेवर. चंदगडला काजूचे कारखाने आहेत, त्यांनाही ओल आणि प्रत बघणारं माणूस लागतं. फक्त सीमेवर काही तापलं की बस बंद पडतात, ते तुम्हाला माहीतच असणार.

खानापूरची_अक्का

मी अंगणवाडीतून निवृत्त झाले, लॅबचं मला काही कळत नाही. घराचं कळतं तेवढं लिहिते. पोरी, तू वयानं लहान दिसतेस म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नको.

तू नवऱ्याचं म्हणणं लिहिलंस, आत्यांचे गुडघे लिहिलेस, पण आत्यांचं म्हणणं लिहिलं नाहीस. त्यांना विचारलंस का? दुपारी साडेबाराला नातवाला आणणारी तीच बाई आहे. ती 'हो' म्हणाली तर तुझी नोकरी चालणार, नाहीतर दोन महिन्यांत रोज काहीतरी कारण निघणार. 'तुम्ही सांभाळाल ना' असं एका वाक्यात विचारू नको. बसून सांग. तू इथं आम्हा परक्यांना दुधाची ती गोष्ट सांगितलीस, गुलाबी झाल्याची. ती आत्यांना कधी सांगितलीस का? तिनंही आयुष्यभर सुताचा धागा बोटानं तपासला असणार, तिला कळेल तुला काय हवंय ते.

दुसरं, बालवाडी शाळेच्या जवळच आहे का बघ. थोरली तिसरीत आहे, ती एवढी लहान नाही. आणि दुपारच्या वेळी दीर घरीच मागावर असतात म्हणतेस. मग गुडघे दुखणाऱ्या बाईनंच पोराला आणायला का जावं? माग दहा मिनिटं थांबला तर काही बिघडत नाही. बाई कामाला निघाली की घरातल्या दुसऱ्या बाईनंच सगळं उचलायचं, हे मला आजवर पटलेलं नाही. पुरुषमाणसांनी वाटून घ्यावं. ते सांगायला जड जातं, तरी सांगायचं.

वडगावची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, मेथिलीन ब्लूचं वाचलं आणि मी दुकानात काउंटरवर बसल्या बसल्या ह्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग बघून ये की."

अक्का, राग कशाला येईल. रात्री पोरं झोपल्यावर आत्यांजवळ बसले. मी ॲसिड, काच, सेंट्रिफ्यूज सगळं सांगत होते, त्या कांड्या निवडत ऐकत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ॲसिड अंगावर उडालं तर?" मी म्हटलं, चष्मा आणि हातमोजे घालायचे असतात. मग म्हणाल्या, पोराला मी आणेन, पण पाण्याच्या दिवशी मला वरच्या टाकीपर्यंत चढता येणार नाही, ते कोण करणार ते आधी ठरवा. दिरांना ह्यांनीच सांगितलं. दिरांनी पाणी घेतलं. बालवाडीचं अजून बोलणं व्हायचंय, पण तेही होईल असं वाटतं. ह्यांनी ईएसआयचा हिशेब कागदावर केला. गेल्या पावसाळ्यात धाकट्याला ॲडमिट केलं तेव्हाचं बिल घरात अजून आहे, ते काढून शेजारी ठेवलं, आणि मग फार काही बोलावं लागलं नाही.

शिनोळीचं मनात आलं होतं. माहेरची वाट म्हणून ओढही वाटते, पण वडगावातून आधी शहरात यायचं, तिथून बस धरायची, संध्याकाळी परत तेच. पोरं लहान असताना नको वाटतं. उद्यमबागेला अनगोळवरून स्कूटीनं जाता येईल.

दादा, दोन शंका. फौंड्रीतल्या वाळूची धूळ छातीला वाईट असते असं माझे मामा म्हणतात, लॅबमध्ये ती किती येते? आणि कन्नड न येणाऱ्या बाईला आत कामगार ऐकतील का? मी आकडा सांगितला आणि समोरच्याला तो कळलाच नाही असं नको व्हायला.

सीमाभाग_अभ्यासिका

कन्नडबद्दल मी सांगतो, मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो.

खासगी कारखान्यात बोलण्यापुरतं कन्नड आलं की चालतं. सरकारी किंवा सहकारी ठिकाणी लिहिता-वाचताही यायला हवं. तुम्हाला आत्ता पहिलं पुरे आहे, पण दुसऱ्याचीही तयारी आजच सुरू करा. क्लास लावायची गरज नाही. तुमची थोरली मराठी शाळेत असली तरी तिला कन्नड विषय असणारच. तिच्या पुस्तकासोबत रोज रात्री बसा. तिसरीचं पुस्तक मोठ्या माणसाला झेपतं आणि मुलीचाही अभ्यास होतो. अक्षरं ओळखायला आली की बसच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या वाचत जा. आकडे मात्र पहिल्या आठवड्यात तोंडपाठ करा, लॅबमध्ये तेच लागणार: कमी, जास्त, थांबा, पुन्हा, पाणी, आणि एक ते शंभर. ऐकून कळतं म्हणता, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

तुमच्या दिरांसाठी एक. ते शिकलेले असतील आणि परीक्षा द्यायच्या असतील तर महाराष्ट्र सरकारच्या भरतीच्या जाहिराती नीट वाचायला सांगा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या उमेदवारांना 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दाखवून अर्ज करता येतो, तशी अट जाहिरातीत छापलेली असते. बेळगावातल्या बऱ्याच मुलांना ती माहीत नसते. दाखला काढायला वेळ लागतो, जाहिरात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

उद्यमबाग_सँडलॅब

ताई, धुळीचं विचारलंत ते बरं केलंत. लपवण्यासारखं त्यात काही नाही. वाळू सिलिकाची असते, आणि डोळ्याला न दिसणारी बारीक धूळच छातीत जाऊन बसते, फुप्फुसाचा आजार होतो. सगळ्यात जास्त त्रास शेकआऊट आणि फेटलिंगला, जिथं साचा फोडतात आणि कास्टिंग घासतात. लॅब काचेच्या आत असते, पण नमुना आणायला सँड प्लांटवर जावं लागतंच. तेव्हा एन-95 मास्क लावूनच जायचं, रुमाल चालत नाही. टेबल झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आमच्याकडं वर्षाला छातीचा एक्स-रे काढतात. तुम्ही जिथं जाल तिथं हे पहिल्याच दिवशी विचारा. 'काही होत नाही' असं उत्तर आलं तर तिथं राहू नका. पोरं लहान आहेत तुमची.

कामगारांचं म्हणाल तर मोल्डिंगला निम्मी माणसं यळ्ळूर, मच्छे, देसूरकडची, मराठी बोलणारी. बैलहोंगल, सौंदत्तीकडची कन्नड बोलतात. उत्तरेकडची पोरं हिंदी. आमच्या शॉपमध्ये तिन्ही भाषा एका वाक्यात चालतात. तुमचा आकडा दोनदा बरोबर निघाला की तिसऱ्यांदा भाषा कुणी विचारणार नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या लॅबमध्ये एक मुलगी लग्न होऊन हुबळीला चालली आहे, तिची जागा भरायची आहे. मी साहेबांशी बोललोय, वचन देऊ शकत नाही. पण ते म्हणाले येऊन एक दिवस काम करून बघू दे. येताना डिग्रीचं सर्टिफिकेट आणि जुन्या केंद्राचं अनुभवाचं पत्र आणा. बंद बूट घालून या, चप्पल आत चालत नाही, आणि ओढणी असली तर पिन लावून. कारखान्याचा पत्ता खासगी निरोपात टाकतो.

वडगावची_सून

निरोप मिळाला दादा. अनुभवाचं पत्र माझ्याकडं नाही, तेव्हा घेतलंच नव्हतं. आमचे तिथले साहेब अजून त्याच केंद्रावर आहेत, भावानं फोन करून विचारलं, ते देतो म्हणाले. रविवारी दुकानाला अर्धा दिवस असतो, तेव्हा माहेरी जाऊन घेऊन येते. दुकानाच्या मालकांनाही आधी सांगणार आहे, लग्नसराईच्या तोंडावर त्यांना अचानक सोडून जाणं बरं दिसणार नाही. तुमच्या साहेबांना पुढचा आठवडा चालेल का, तेवढं विचारून सांगा.